ऑपरेटिंग सिस्टिम मोजक्याच का टिकतात?

प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉप आणि मोबाइल बनवणाऱ्या कंपन्या डझनांनी आहेत, प्रोग्रामर लाखांनी आहेत, ऑपरेटिंग सिस्टिम कशी लिहायची हे तर कॉलेजात शिकवतात. मग लोकांच्या हातात विंडोज, मॅकओएस, अँड्रॉइड, आयओएस आणि थोडंफार लिनक्स एवढंच का दिसतं? विचारणाऱ्याचा खरा रोख मात्र शेवटच्या वाक्यात आहे: आज कोणी हलकी, वेगवान, स्वच्छ ओएस लिहिली, तर ती का चालू नये?

आधी एक गैरसमज बाजूला काढू. ओएस लिहिणं अवघड आहे म्हणून त्या कमी आहेत, असं नाही. बूट होणारा कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, हे एका चिकाटीच्या माणसाचं काही महिन्यांचं काम आहे. एमआयटीमध्ये शिकवायला वापरतात तो एक्सव्ही६ दहा हजार ओळींच्या आत बसतो आणि त्यात प्रोसेस, पेजिंग, फाइल सिस्टिम, शेल सगळं आहे. जुन्या बायॉसच्या (मशीन चालू होताच चालणाऱ्या आतल्या प्रोग्रामच्या) पद्धतीने जायचं तर ५१२ बाइटांचा बूट सेक्टर लिहायचा, त्याच्या शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए (हेक्स आकडे) ठेवायचे. बायॉस तो मेमरीतल्या ७सी०० या पत्त्यावर आणून ठेवतो आणि पुढचं राज्य आपलं. तिथून ६४ बिट मोडमध्ये जायचं, इंटरप्टचा तक्ता भरायचा, पेज टेबल मांडायचं, टायमर सुरू करायचा. स्क्रीनवर पहिलं अक्षर उमटलं की वाटतं, निम्मा गड सर झाला. खरं तर गडाची पहिली पायरीसुद्धा अजून लागलेली नसते.

दुसरं म्हणजे, ओएस कमी आहेत हे कुठे मोजता त्यावर अवलंबून आहे. गाड्यांच्या डॅशबोर्डमागे बऱ्याचदा क्यूएनएक्स असते. मंगळावरच्या क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हरन्स या रोव्हरवर व्हीएक्सवर्क्स आहे. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर फ्रीआरटीओएस आणि झेफायर चालतात. मोठ्या बँकांच्या मेनफ्रेमवर झेड/ओएस आहे, आणि तिची वंशावळ १९६४ च्या सिस्टिम/३६० पर्यंत जाते. प्लेस्टेशन ४ ची सिस्टिम फ्रीबीएसडी या खुल्या ओएसवरून निघाली. इंटेलच्या अनेक चिपसेटच्या पोटात तर मिनिक्स नावाची छोटी ओएस बसलेली आहे आणि मशीनच्या मालकाला तिचा पत्ताही नसतो. म्हणजे ओएस भरपूर आहेत. तुटवडा एकाच ठिकाणी दिसतो: जिथे एका अनोळखी कंपनीचं हार्डवेअर आणि दुसऱ्या अनोळखी कंपनीचं सॉफ्टवेअर एकाच मशीनवर नांदावं लागतं. रोव्हरवर काय बसवायचं आणि काय चालवायचं, दोन्ही एकाच संस्थेच्या हातात असतं. घरच्या लॅपटॉपवर कोण काय जोडेल आणि कोण काय चालवेल, हे ओएस लिहिणाऱ्याला आधी कळत नाही. माझ्या मते सगळं उत्तर या फरकात आहे. बाकी कारणं त्याचीच पोरं.

हार्डवेअरच्या बाजूने सुरुवात करतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला ती सर्वांत कमी दिसते.

लिनक्स कर्नलच्या आज सुमारे ४ कोटी ओळी आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त निव्वळ ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा कोड, आहेत. एएमडीच्या ग्राफिक्स चिपचा एकटा ड्रायव्हर ५० लाखांहून जास्त ओळींचा आहे. त्यातला मोठा भाग आपोआप तयार केलेल्या रजिस्टरांच्या यादीचा आहे हे मान्य, पण ती यादी चिप बनवणाऱ्यानेच दिली म्हणून आहे. वाय-फाय घ्या. बाहेरून वाटतं, पॅकेट पाठवा आणि पॅकेट घ्या. प्रत्यक्षात चिपवर आधी तिचं स्वतःचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) चढवावं लागतं. मग स्कॅन, पासवर्डची देवाणघेवाण, दर देशात कोणत्या चॅनेलवर किती ताकदीने बोलायचं याचे नियम, वीज वाचवायला अधूनमधून झोपणं, एका राउटरवरून दुसऱ्यावर सरकणं. आणि चिपची कागदपत्रं बहुतेक वेळा गोपनीयतेच्या करारावर सही केल्याशिवाय मिळतच नाहीत. मोठ्या ओएससाठी हा ड्रायव्हर चिप कंपनी स्वतःच्या पगारी माणसांकडून लिहून घेते. तुमच्या ओएससाठी का लिहावा? वापरणारे किती, हा तिचा पहिला प्रश्न असतो. आणि वापरणारे येत नाहीत, कारण वाय-फाय चालत नाही.

याहून चिवट गोष्ट म्हणजे लॅपटॉप झोपवणं आणि उठवणं. झाकण बंद केलं की काय करायचं हे मशीनच्या फर्मवेअरमध्ये एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकाच्या छोट्या बाइटकोडमध्ये लिहिलेलं असतं, आणि तो बाइटकोड चालवणारा इंटरप्रिटर ओएसमध्ये असावा लागतो. त्यात एक मासलेवाईक प्रकार आहे. फर्मवेअर ओएसला विचारतं, “तू विंडोज २०१५ आहेस का?” म्हणजे विंडोज १०. लिनक्स या प्रश्नाला बेधडक “हो” म्हणतं. “तू लिनक्स आहेस का?” असं विचारलं तर मात्र “नाही” म्हणतं! यात लबाडी नाही, अनुभव आहे. लॅपटॉप कंपन्या फर्मवेअर विंडोजवर तपासून बाजारात सोडतात. त्यामुळे “हो”च्या वाटेवरचा कोड तपासलेला असतो आणि “नाही”च्या वाटेवर बरेचदा पंखा पूर्ण वेगाने फिरत राहतो किंवा ब्राइटनेसची बटणं मरतात. तीस-पस्तीस वर्षं मुरलेल्या ओएसलाही दुसऱ्याचं नाव सांगून आत शिरावं लागतं, तिथे नवख्याची काय कथा.

आता दुसरी बाजू, प्रोग्रामांची. ओएससाठी ओएस कोणी विकत घेत नाही. लोकांना त्यांचा हिशेबाचा तक्ता, त्यांचा गेम, त्यांचं बँकेचं ॲप हवं असतं. १९८१ साली आयबीएम पीसी आला तेव्हा त्यावर पीसी डॉस ४० डॉलरला होतं, तर त्या काळची नावाजलेली ओएस सीपी/एम तिच्या नव्या रूपात काही महिन्यांनी आली ती २४० डॉलरला. डॉस स्वस्त होतं म्हणून मशीनवर गेलं, मशीनवर होतं म्हणून प्रोग्राम त्यासाठी लिहिले गेले. १९८३ मध्ये लोटस १-२-३ हा हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्राम आला आणि गाठ पक्की झाली. पीसीची नक्कल करणारी मशीनं खरोखर सुसंगत आहेत की नाही हे तपासताना लोक लोटस आणि फ्लाइट सिम्युलेटर चालवून बघायचे. कसोटी प्रोग्रामची होती, ओएसची नव्हे.

मग नवीन ओएसने जुन्या ओएसचे प्रोग्राम चालवून दाखवले तर? हा विचार प्रत्येकाला सुचतो, आणि इथेच सर्वांत जास्त पाय घसरतात. आयबीएमच्या ओएस/२ ची दुसरी आवृत्ती १९९२ मध्ये आली. तांत्रिकदृष्ट्या ती त्या वेळच्या विंडोजपेक्षा सरस होती आणि विंडोजचे प्रोग्रामही चालवायची. परिणाम काय झाला? प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी हिशेब केला: विंडोजसाठी एकदा लिहिलं की दोन्हीकडे चालतं, मग ओएस/२ साठी वेगळं कशाला लिहा? तिचे स्वतःचे असे प्रोग्राम फारसे आलेच नाहीत. वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, ब्लॅकबेरी १० ने अँड्रॉइडची ॲप्स चालवायची सोय दिली आणि त्याच खड्ड्यात पडली. २०१५ मध्ये ब्लॅकबेरीने स्वतःच अँड्रॉइडचा फोन काढला.

सुसंगतता दिली नाही तर काय होतं, ते विंडोज फोनने दाखवलं. २०१० मध्ये आलेली ही सिस्टिम कमी ताकदीच्या फोनवरही गुळगुळीत चालायची. मागे मायक्रोसॉफ्टचा पैसा आणि पुढे नोकियाची फोन-बांधणी होती. तरी स्नॅपचॅटचं अधिकृत ॲप तिच्यावर कधी आलंच नाही. ॲप बनवणाऱ्या छोट्या टीमचं गणित बघा: दोन प्लॅटफॉर्मवर जवळपास सगळे ग्राहक मिळतात. तिसऱ्यासाठी वेगळी माणसं, वेगळी चाचणी, दर आवृत्तीला वेगळी डोकेदुखी, आणि त्यातून येणारे ग्राहक मूठभर. त्यात २०१२ ची विंडोज फोन ८ आधीच्या फोनांवर चढतच नव्हती. आधीच थोडे असलेले चाहते त्या दिवशी दुखावले गेले.

जो जिंकतो त्यालाही ही गाठ सुखाने जगू देत नाही. विंडोजवर आजही “कॉन” हे नाव इंग्रजीत देऊन फोल्डर बनवायला जा, नकार मिळेल. १९८१ च्या डॉसमध्ये ते कन्सोलचं राखीव नाव होतं आणि कुठल्यातरी जुन्या बॅच फाइलला ते आजही लागत असेल म्हणून राखून ठेवलंय. सिमसिटीचा किस्सा तर या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. हा गेम मोकळी केलेली मेमरी लगेच पुन्हा वाचायचा. आधी ते खपून जायचं, कारण ती मेमरी उचलायला दुसरं कोणी नव्हतं. विंडोज ९५ वर गेम कोसळू लागला. चूक गेमची होती, तरी विंडोजच्या टीमने सिमसिटी चालू आहे हे ओळखून मेमरी सावकाश मोकळी करण्याची खास सोय केली. कारण ग्राहकाच्या नजरेत नवी विंडोज घेतली आणि गेम बंद पडला, एवढंच खरं असतं. रिॲक्टओएसवाले नव्वदच्या दशकापासून विंडोजची हुबेहूब मोफत प्रतिकृती लिहीत आहेत आणि ती अजून अल्फा, म्हणजे कच्च्या, अवस्थेत आहे. त्यांना लिखित नियम पाळून भागत नाही. असे हजारो अलिखित लाडही जसेच्या तसे पुरवावे लागतात.

करारांचा मुद्दा नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. डॉसच्या काळात मायक्रोसॉफ्ट काही उत्पादकांकडून प्रोसेसरमागे पैसे घ्यायची. म्हणजे मशीनवर डॉस घाला अगर न घाला, पैसे द्यायचेच. मग दुसरी ओएस घालणं म्हणजे दोनदा पैसे देणं. १९९४ मध्ये अमेरिकी न्याय विभागाशी तडजोड होऊन हा प्रकार थांबला. अँड्रॉइडबाबत २०१८ मध्ये युरोपीय आयोगाने गूगलला ४३४ कोटी युरोंचा दंड केला. गूगलची ॲप्स हवी असतील तर अँड्रॉइडची दुसरी रूपं विकायची नाहीत, ही अट त्यातला एक भाग होती. २०२२ मध्ये न्यायालयाने रक्कम थोडी कमी केली, निष्कर्ष बहुतांशी तसाच ठेवला. माझं मत विचाराल तर करारांनी भिंत उंच केली, पाया आधीच घातलेला होता. उद्या सगळे करार फाडले तरी वाय-फायचा ड्रायव्हर आणि बँकेचं ॲप कोण लिहिणार, हा प्रश्न उरतोच.

बँकेच्या ॲपवरून आठवलं. फोनवर हल्ली तिसरा अडसर आलाय. ॲप फोनला विचारतं, तू प्रमाणित आहेस का, बूटलोडर (ओएस सुरू करणारा प्रोग्राम) उघडा तर नाही ना? स्वतः बांधलेली अँड्रॉइड टाकली की अनेक बँकांची ॲप्स इथेच हात वर करतात. कोड सगळा तोच असला तरी फरक पडत नाही, कारण विश्वासाची किल्ली दुसऱ्याकडे असते.

मग जे आत शिरले ते कसे शिरले? प्रत्येक वेळी जुनी गाठ निरुपयोगी झाली होती तेव्हा. २००७ मध्ये आयफोन आणि २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला, तेव्हा बोटाने चालणाऱ्या स्क्रीनवर जुन्या फोनांचे प्रोग्राम कोणालाच नको होते. पाटी सगळ्यांचीच कोरी होती. सर्व्हरवर लिनक्स फैलावलं कारण युनिक्ससाठी लिहिलेले प्रोग्राम सोर्सकोडसकट उपलब्ध होते, पुन्हा कंपाइल केले की झालं. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या ५०० सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीत सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. क्रोमओएसने वेबलाच ॲप मानलं आणि प्रश्नाला बगल दिली. हार्मनीओएसची गोष्ट निराळी. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे चीनच्या ह्वावेची गूगलची वाट बंद झाली. पाठीशी प्रचंड देशांतर्गत बाजार होता आणि परतीचा रस्ता नव्हता. अँड्रॉइडची ॲप्स अजिबात न चालवणारी आवृत्ती तरीही २०२४ मध्येच आली.

ॲपलकडे बघून “एकट्याने जमतं की” असं वाटतं. पण ॲपलचाही स्वतःच्या नव्या ओएसचा कोपलंड नावाचा प्रयत्न १९९६ मध्ये बारगळला. त्याच वर्षाअखेरीस तिने नेक्स्ट ही कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. आजच्या मॅकओएसचा पाया नेक्स्टचा आहे, त्याखाली माख हा कर्नल आणि युनिक्सची शाखा असलेल्या बीएसडीचा कोड आहे. २००१ मध्ये मॅक ओएस टेन आली तीसुद्धा जुने प्रोग्राम चालवणारं ‘क्लासिक’ वातावरण पोटात घेऊनच. आणि ॲपलला ड्रायव्हर लिहायचे असतात ते स्वतःच निवडलेल्या मोजक्या हार्डवेअरसाठी. रोव्हरवाल्यांची चैन तिला बऱ्याच अंशी परवडते.

डेस्कटॉपवरच्या लिनक्सचं काय? कशासाठी वापरता त्यावर आहे. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळायचं ठरवलं, हजारो संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. राजकारण होतंच, पण बाहेरच्या कचेऱ्यांशी होणारी फायलींची देवाणघेवाण आणि खास विंडोजचे प्रोग्राम हीही खरी अडचण होती. गेमच्या बाबतीत मात्र २०१८ मध्ये आलेल्या, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉनने चित्र बरंच पालटलं, फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर जोडलेले काही ऑनलाइन गेम सोडून. लिनक्सचं स्वतःचं एक दुखणंही आहे. कर्नल प्रोग्रामांना दिलेला शब्द काटेकोर पाळतो, पण त्यावरच्या लायब्रऱ्या तेवढ्या सोशिक नाहीत. नव्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या तयार आवृत्तीवर) बांधलेला प्रोग्राम जुन्यावर नेला की “जीलिबसी २.३४ सापडलं नाही” असं म्हणून तो सुरूच होत नाही (जीलिबसी ही पायाभूत सी लायब्ररी). यावर उपाय म्हणजे सर्वांत जुन्या डिस्ट्रोवर बांधणं किंवा फ्लॅटपॅकमध्ये लायब्रऱ्या सोबत देणं. व्यापारी सॉफ्टवेअर कंपनीला मात्र हा खटाटोप दिसला की ती विंडोजकडे वळते.

एवढं सगळं ऐकूनही स्वतःची ओएस करायची असेल, तर ठरवायची पहिली गोष्ट म्हणजे नेमकं काय नवीन करायचंय. नवीन कल्पना दिसण्यात किंवा वापरण्याच्या पद्धतीत असेल तर कर्नल लिहू नका. लिनक्सचा घ्या आणि वरचं सगळं आपलं बांधा. अँड्रॉइड, क्रोमओएस, वेबओएस, तिघांनी हेच केलं. कल्पना कर्नलमध्येच असेल तर पहिलं वर्ष खऱ्या मशीनकडे फिरकू नका. क्यूईएमयू हा मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम वापरा आणि त्यातली व्हर्टआयओची (नकली हार्डवेअरच्या मानकाची) डिस्क, नेटवर्क आणि डिस्प्ले एवढेच ड्रायव्हर लिहा. त्यांचे नियम खुले आणि नीट लिहिलेले आहेत. डिस्कचा ड्रायव्हर काहीशे ओळींत होतो.

खऱ्या मशीनवर येताना लॅपटॉपचं एकच मॉडेल निवडा आणि ज्यांचे नियम सर्व उत्पादकांना सारखे आहेत तेच भाग आधी घ्या. एनव्हीएमई (एसएसडीशी बोलण्याचे नियम) एकदा लिहिली की कोणत्याही कंपनीची एसएसडी चालते. एक्सएचसीआय (यूएसबीचे तसेच नियम) लिहिली की त्यावर यूएसबीचे कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह आपापल्या क्लासच्या एकेका ड्रायव्हरमध्ये उरकतात. बऱ्याच लॅपटॉपांचा आतला कीबोर्ड अजून जुन्या पीएस/२ च्या भाषेत बोलतो, पण टचपॅड आय२सी या वेगळ्या जोडणीवर असतो, म्हणून सुरुवातीला बाहेरचा माउस लावा. वाय-फायच्या नादी लागू नका. यूएसबीचा इथरनेट ॲडॅप्टर घ्या, तोही सीडीसी या सामायिक यूएसबी क्लासचा असल्याची खात्री करून, नाहीतर पुन्हा चिपगणिक वेगळा ड्रायव्हर आला. ग्राफिक्सला यूईएफआयने (बायॉसच्या जागी आलेल्या फर्मवेअरने) दिलेला साधा फ्रेमबफर (स्क्रीनच्या चित्राची मेमरी) पुरे. वेग मिळणार नाही, चित्र मिळेल.

यानंतर पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाचे सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे काम मागायचे मार्ग), त्यावर मसलसारखी छोटी सी लायब्ररी, मग बॅश हा शेल आणि जीसीसी हा कंपायलर. क्रोम ब्राउझरचा पाया असलेल्या क्रोमियमचा विचारही करू नका, त्याचा कोड तुमच्या कर्नलच्या शेकडो पट भरेल आणि तो थ्रेड, सामायिक मेमरी, सँडबॉक्स सगळं एकदम मागेल. त्याऐवजी नेटसर्फ हा छोटा ब्राउझर घ्या. तो सीमध्ये लिहिलेला आहे, नुसत्या फ्रेमबफरवर चालतो आणि आधीच अनेक छोट्या सिस्टिमवर पोहोचलेला आहे. त्यात एखादं साधं पान अक्षरं आणि चित्रांसह उघडलं, की सी लायब्ररी, सॉकेट (नेटवर्कची जोडणी) आणि डिस्प्ले तिन्ही जागेवर आहेत असं समजा. पान अर्ध्यावर अडकलं, तर आधी सॉकेटचा टाइमआउट आणि सिलेक्टचा कॉल तपासा.